कोणत्या फोनवरून बाहेर काय लागावे: ऑफिसच्या फोन यंत्रणेत एक्स्टेन्शननुसार कॉलवर बंधने कशी घालावीत

पूर्वी एसटीडीचे दर मिनिटाला मोजले जात तेव्हा ऑफिसात कुलपाची डबी लावलेले फोन असत. आज बहुतेक व्यावसायिक योजनांत देशातले कॉल भाड्यातच धरलेले असतात, त्यामुळे कोणी गावाकडे फोन लावला तर बिलात फारसा फरक पडत नाही. पैसा जातो तो आयएसडीत, म्हणजे परदेशी कॉलमध्ये. आणि मोठी रक्कम जाते तेव्हा बहुधा ती कर्मचाऱ्याने उडवलेली नसते. बाहेरच्या कोणीतरी एखाद्या एक्स्टेन्शनचा (यंत्रणेला जोडलेल्या ऑफिसातल्या फोनचा) पासवर्ड ओळखून शनिवारी रात्रभर परदेशी नंबर फिरवलेले असतात.

म्हणून बंधने घालताना कोणाला काय बंद करायचे, या प्रश्नापासून सुरुवात करू नका. कोणाला नेमके काय लागते तेवढे उघडा. ज्याला वाट दिलेली नाही तो कॉल आपोआप अडला पाहिजे.

खालची मांडणी पुण्यातल्या पंचवीसेक एक्स्टेन्शनच्या ऑफिसला धरून केली आहे. यंत्रणा फ्रीपीबीएक्स, म्हणजे ॲस्टरिस्क या फोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरवर चालणारी; बाहेरची लाइन एसआयपी ट्रंकची, म्हणजे पुरवठादाराकडून आयपी नेटवर्कवर येणारी. जुन्या ईपीएबीएक्स बोर्डावर (वायरींवर चालणाऱ्या ऑफिसच्या एक्सचेंज पेटीवर) हेच कसे करायचे ते पुढे आले आहे.

पायरी १: आधी कागदावर वर्ग पाडा

माणसे मोजू नका, फोन मोजा. कँटीनचा, गेटवरचा, मीटिंग रूममधला, लॉबीतला असे फोन कोणाच्याच नावावर नसतात आणि नेमके तेच मोकळे राहतात. साधारण चार वर्ग पुरतात:

- अ वर्ग: आतले कॉल, आणीबाणीचे नंबर, टोल-फ्री. सामायिक जागेतले सगळे फोन यात.
- ब वर्ग: भारतात कुठेही. टेबलावरचा प्रत्येक फोन यात.
- क वर्ग: भारत आणि कामाचे ठरावीक देश. निर्यात, विक्री वगैरे.
- ड वर्ग: सगळे, पण आयएसडीला पिन.

फक्त स्थानिक लँडलाइन लागावी असा पाचवा वर्ग पाडण्याचा मोह होतो. तो टाळा. कुरियरवाला, इलेक्ट्रिशियन, पुरवठादार हे सगळे मोबाइलवरच असतात. स्थानिक लँडलाइनपुरता उघडा फोन आज जवळपास बंद फोनच. मग तो माणूस शेजारच्या टेबलावरून फोन लावू लागतो आणि कोणी कुठे कॉल केला याच्या नोंदींना काही अर्थ राहत नाही.

मोबाइल चालू, एसटीडी बंद, असेही काही जण मागतात. पहिल्या आकड्यांवरून ते नीट जमत नाही. अहमदाबादची लँडलाइन ०७९ ने सुरू होते आणि ७९ ने सुरू होणारे मोबाइल नंबरही आहेत. शून्य धरून दोन्हींचे अकरा आकडेच भरतात. बंगळुरूच्या ०८० चीही तीच गत. मोबाइल आणि एसटीडी एकाच वाटेने जाऊ द्या.

पायरी २: एक्स्टेन्शनचे नंबर वर्गानुसार द्या

हे काम सुरुवातीलाच केले तर पुढची निम्मी मेहनत वाचते. ड वर्गाला २०० ते २०९, ब वर्गाला २१० ते २३९, क वर्गाला २४० ते २४९, अ वर्गाला २९० ते २९९, असे गट ठेवले की एका ओळीच्या नियमात अख्खा गट येतो. खुर्च्यांच्या क्रमाने नंबर वाटले तर प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी वेगळी ओळ लिहावी लागते आणि त्यातली एखादी राहून जाते.

नंबर १ ने सुरू करू नका. रिसेप्शनला १०१ देण्याची सवय सर्रास दिसते. पण १०१ हा अग्निशमन दलाचा नंबर, १०० पोलिसांचा, १०२ आणि १०८ रुग्णवाहिकेचे, ११२ सगळ्यांचा मिळून. आग लागल्यावर कोणी १०१ फिरवला आणि रिसेप्शनचा फोन वाजला तर त्याला जबाबदार नंबर वाटणारा असतो.

पायरी ३: बाहेरच्या लाइनचा शून्य राहू द्यायचा का?

आपल्याकडे शून्य दाबून बाहेरची लाइन घेण्याची रीत जुनी आहे. पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबराआधी शून्य लागतो. म्हणजे ९८ ने सुरू होणारा मोबाइल लावायचा तर एक शून्य लाइनसाठी आणि एक नंबरासाठी, मिळून ००९८ असे आकडे होतात. आयएसडीची सुरुवात ०० ने होते आणि ९८ हा इराणचा कोड आहे. यंत्रणेच्या दृष्टीने हा कॉल इराणला चालला. अशा ठिकाणी '०० ने सुरू होणारे सगळे अडवा' असा नियम घातला की ऑफिसातून एकही मोबाइल लागत नाही. मग वैतागून कोणीतरी तो नियमच काढून टाकतो आणि आयएसडी पुन्हा मोकळी होते.

आयपी यंत्रणेत लाइनसाठी वेगळा आकडा लागतच नाही, कारण फोन सगळे आकडे एकदम पाठवतो आणि यंत्रणा नंबराच्या रूपावरून वाट ठरवते. शक्य असेल तर तो शून्य काढून टाका. पुढचे नियम तसेच धरून लिहिले आहेत. सवयीमुळे शून्य ठेवावाच लागला तर प्रत्येक नियमात प्रीफिक्सच्या रकान्यात (तो पायरी ४ मध्ये येतो) ० टाका. मग आयएसडी तीन शून्यांनी सुरू होते, हे ध्यानात असू द्या.

जुने साधे (ॲनालॉग) फोन ॲडाप्टरमधून जोडले असतील तर एक त्रास संभवतो. पुण्याच्या बहुतेक लँडलाइन २ ने सुरू होतात आणि आपली एक्स्टेन्शनेही. ॲडाप्टरने तीन आकडे येताच कॉल सोडून दिला तर आठ आकडी नंबर कधीच पुरा होत नाही. ॲडाप्टरच्या डिजिट मॅपमध्ये (नंबर कधी पुरा झाला ते ठरवणाऱ्या नियमात) तीन आकड्यांनंतर दोन-तीन सेकंद थांबण्याची सोय ठेवा.

पायरी ४: आउटबाउंड राउट बांधा

सुरू करण्याआधी बॅकअप घ्या. मग कनेक्टिव्हिटी या मेनूखाली आउटबाउंड राउट्स (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या वाटा) उघडा. प्रत्येक राउटमध्ये डायल पॅटर्न्सचा टॅब असतो आणि त्यात चार रकाने: प्रीपेंड, प्रीफिक्स, मॅच पॅटर्न आणि कॉलरआयडी. प्रीफिक्समध्ये लिहिलेले आकडे कापले जातात. प्रीपेंडमधले पुढे जोडले जातात. मॅच पॅटर्न म्हणजे नंबराचे रूप. कॉलरआयडीत काही लिहिले तर ती ओळ फक्त त्या एक्स्टेन्शनला लागू होते, रिकामा ठेवला तर सगळ्यांना. बंधनाचे सगळे काम या चौथ्या रकान्यावर चालते.

पॅटर्नची भाषा छोटी आहे. एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कोणताही आकडा, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९. चौकटी कंसात हवे तेवढेच आकडे देता येतात. टिंब म्हणजे यापुढे एक किंवा कितीही आकडे. पडद्यावर अक्षरे आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाकायचे. तिथेच पॅटर्न आपोआप भरून देणारा विझार्ड दिसेल. तो अमेरिकेच्या नंबरांसाठी आहे, त्याला हात लावू नका.

राउट वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळतो तो घेतला जातो. क्रम असा ठेवा:

१. आणीबाणी. ११२, १००, १०१, १०२, १०८, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, गॅसगळतीसाठी १९०६ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० यांची प्रत्येकी एक ओळ. कॉलरआयडी रिकामा. राउटचा प्रकार इमर्जन्सी. या राउटला पिन नको, वेळेचे बंधन नको, आणि दुसरी ट्रंक असेल तर तीही जोडून ठेवा. एसआयपी ट्रंकवरून ११२ लावल्यावर तो आपल्याच शहरात पोचतो का, हे सेवा पुरवठादाराकडून लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर रिसेप्शनजवळ एक साधी लँडलाइन किंवा ऑफिसचा मोबाइल ठेवा.

२. टोल-फ्री. १८०० आणि पुढे टिंब. एक्सचे आकडे मोजून लिहू नका, कारण १८०० चे नंबर वेगवेगळ्या लांबीचे असतात. कॉलरआयडी रिकामा. १८६० यात घालू नका. तो टोल-फ्री नाही, लावणाऱ्याला पैसे पडतात. तो पुढच्या राउटमध्ये घ्या.

३. भारत. कॉलरआयडीत २, मग चौकटी कंसात ०-४, मग एक्स. यात २०० ते २४९ येतात, २९० चा सामायिक गट बाहेर राहतो. पॅटर्नच्या ओळी अशा:

- स्थानिक लँडलाइन: एन आणि पुढे सात एक्स. पुण्यामुंबईत नंबर आठ आकडी आहेत. नाशिक, नागपूर, कोल्हापूर किंवा गोव्यात सात आकडी, म्हणून तिथे सहा एक्स.
- एसटीडी आणि मोबाइल: ०, मग झेड, मग नऊ एक्स.
- शून्य न लावता दाबलेला मोबाइल: चौकटी कंसात ६-९, मग नऊ एक्स, प्रीपेंडमध्ये ०.
- मोबाइलच्या फोनबुकातून आलेला नंबर: प्रीफिक्समध्ये +९१, प्रीपेंडमध्ये ०, पॅटर्न झेड आणि नऊ एक्स. अशीच एक ओळ ००९१ साठी.
- १८६० आणि पुढे टिंब.

दुसऱ्या ओळीतल्या झेडकडे नीट पाहा. घाईत तिथे '० आणि पुढे टिंब' असे लिहिले जाते. देशातले सगळे कॉल लागतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण ०० ने सुरू होणारा परदेशी नंबरही त्यात बसतो आणि हा राउट आयएसडीच्या वर असल्यामुळे तो इथूनच निघून जातो. खाली आयएसडीवर कितीही कडक पिन ठेवली तरी ती कोणाला विचारलीच जात नाही. दुसरा आकडा शून्य नसावा एवढी एक अट ही गळती थांबवते.

४. ठरावीक देश. कॉलरआयडी २४एक्स. संयुक्त अरब अमिराती असेल तर ००९७१ आणि टिंब, जर्मनी असेल तर ००४९ आणि टिंब. फोनबुकातून + ने लावणारे असतील तर त्याच देशांसाठी +९७१ आणि +४९ च्या ओळी, प्रीफिक्समध्ये + आणि प्रीपेंडमध्ये ००.

५. सगळी आयएसडी, पिनसह. कॉलरआयडी २०एक्स, पॅटर्न ०० आणि टिंब.

बस. यापुढे 'बाकी सगळे' असा राउट ठेवू नका. मागच्या कोणी टिंबाचा एकच पॅटर्न लिहून सगळे मोकळे करणारा राउट ठेवला असेल तर तो काढा. तो यादीच्या तळाशी असला तरी वरून नाकारलेला प्रत्येक कॉल घसरत त्याच्यापाशीच येतो. एखाद्या राउटची कॉलरआयडी जुळली नाही म्हणजे कॉल थांबला असे नाही, यंत्रणा पुढचा जुळणारा राउट शोधत राहते. कुठेच जुळले नाही तरच कॉल पुरा होऊ शकत नाही हा संदेश ऐकू येतो.

बदल झाल्यावर वरचे लाल अप्लाय कॉन्फिग बटण दाबायला विसरू नका. नियम लागू न होण्याचे सगळ्यात साधे कारण हेच असते.

अमेरिका आणि ब्रिटन उघडताना

देशाचा कोड उघडला म्हणजे एकच देश उघडला असे नसते. +१ हा कोड अमेरिका आणि कॅनडासोबत कॅरिबियन बेटांचाही आहे. ८७६ म्हणजे जमैका, ८०९ डोमिनिकन रिपब्लिक, ४७३ ग्रेनाडा, ६४९ टर्क्स आणि केकोस. दिसायला सगळे अमेरिकी नंबर, दर मात्र वेगळे आणि चढे. मिस्ड कॉल देऊन उलट फोन करायला लावणारी फसवणूक अशा नंबरांवरून चालते. '००१ आणि टिंब' न लिहिता ग्राहक ज्या शहरांत आहेत त्यांचेच एरिया कोड लिहा. न्यूयॉर्कचा एक ग्राहक असेल तर ००१२१२ आणि सात एक्स. ब्रिटनच्या ००४४ मध्ये ७० ने सुरू होणारे वैयक्तिक नंबर आणि ९ ने सुरू होणारे प्रीमियम नंबर महाग असतात. तिथे ००४४ पुढे चौकटी कंसात १, २, ३ आणि टिंब, एवढे लँडलाइनसाठी उघडा. मोबाइल हवेच असतील तर ७ नंतर शून्य येणार नाही अशी वेगळी ओळ लिहा.

पायरी ५: पिन

पाचव्या राउटला पिन सेट्सच्या मॉड्यूलमधून यादी जोडा. राउटच्या मुख्य टॅबमध्ये एकच पासवर्ड टाकायचीही सोय आहे, पण तो आठवड्याभरात सगळ्या मजल्याला माहीत होतो. माणशी एक पिन द्या, किमान सहा आकडी, आणि एक्स्टेन्शनचा नंबर किंवा जन्मसाल नको. पिन सेटमध्ये सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदवहीत) नोंद ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. मग कॉलच्या नोंदीत कोणती पिन वापरली ते अकाउंट कोडच्या जागी दिसते. कॉल २०३ वरून गेला एवढे पुरेसे नसते. २०३ च्या खुर्चीवर त्या वेळी कोण होते, हाच वाद पुढे होतो.

पायरी ६: वेळ आणि संख्या

आयएसडीच्या दोन्ही राउटना टाइम ग्रुप जोडा: सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते रात्री ८ किंवा ऑफिसची जी वेळ असेल ती. पासवर्ड चोरणारे रात्र आणि लागून आलेल्या सुट्ट्या निवडतात, कारण तेव्हा कोणी पाहत नसते. अमेरिकेशी रात्री बोलणारी मंडळी असतील तर त्यांच्या एक्स्टेन्शनपुरता वेगळा राउट करा.

एकाच वेळी किती कॉल जावेत हेही बांधता येते. एक्स्टेन्शनच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये आउटबाउंड कन्करन्सी लिमिट असते. टेबलावरच्या फोनला दोन पुष्कळ झाले. चोरलेल्या एका एक्स्टेन्शनवरून एकाच वेळी पाच-पन्नास कॉल सोडण्याची युक्ती इथे अडते. आयएसडीसाठी वेगळी ट्रंक असेल तर तिची कमाल चॅनेल संख्याही (एकाच वेळी जाऊ शकणारे कॉल) दोन-तीनवर आणा.

मागची दारे

इथवर झाले की काम संपले असे वाटते. पण वरचे नियम फक्त आकडे फिरवले जातात तो क्षण तपासतात. त्याला वळसा घालणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत.

पहिली, कॉल फॉरवर्डिंग. फ्रीपीबीएक्समध्ये *७२ ने फोन दुसरीकडे वळवता येतो. वळवलेला कॉल पुन्हा आउटबाउंड राउटमधूनच जातो, पण त्याच्यासोबत एक्स्टेन्शनचा नंबर जात नाही, बाहेरून फोन करणाऱ्याचा जातो. त्यामुळे दोन उलट त्रास होतात. राउटचा कॉलरआयडी रिकामा असेल तर बाहेरचा माणूस ऑफिसच्या खर्चाने पुढचा कॉल करून जातो. भरलेला असेल तर साहेबांनी मोबाइलवर वळवलेला रास्त कॉलसुद्धा अडतो आणि 'काल बंधने घातल्यापासून फोन येत नाहीत' अशी तक्रार येते. उपाय सोपा आहे. ज्या मोजक्या मोबाइलवर कॉल वळवायचे असतात त्यांचे पूर्ण नंबर लिहून कॉलरआयडी रिकामा ठेवलेला एक राउट भारताच्या राउटआधी टाका. त्या नंबरांवर कँटीनमधूनही फोन लागेल, लागू दे. ज्यांना फॉरवर्डिंगची गरज नाही तिथे फीचर कोड्समधून ती सोयच बंद करा.

दुसरी, ट्रान्सफर. क वर्गातल्या कोणी दुबईला फोन लावून तो २९५ ला जोडून दिला तर यंत्रणा अडवत नाही. तो ऑफिसच्या शिस्तीचा प्रश्न, निदान मूळ कॉल कोणी लावला हे नोंदीत दिसते. खरा धोका उलट दिशेचा. बाहेरून आलेल्या माणसाला बोलता बोलता ## दाबून स्वतःच कॉल दुसरीकडे नेता येत असेल तर तो तुमच्या ट्रंकवरून हवा तिथे जाईल. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये बाहेरून येणाऱ्यांना ट्रान्सफरची सोय नाकारणारा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते पाहा.

तिसरी, डिसा. बाहेरून फोन करून आतला डायल टोन देणारी ही सोय फिरतीवरच्या लोकांसाठी बनली. आज सॉफ्टफोन (मोबाइल किंवा संगणकावरचे फोनचे ॲप) असताना तिची गरज क्वचितच पडते. वापरात नसेल तर काढून टाका. ठेवायचीच असेल तर लांब पिन द्या आणि तिथून आयएसडीच्या राउटपर्यंत पोचता येणार नाही असे पाहा.

चौथी वाट बाहेरून आत येण्याची, आणि सगळ्यात जास्त पैसा हिच्यातून जातो. एक्स्टेन्शन २१५ आणि पासवर्डही २१५, शिवाय एसआयपीचे ५०६० पोर्ट इंटरनेटला उघडे. असे संच शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. फ्रीपीबीएक्स स्वतः बनवून देते तो लांब पासवर्ड तसाच ठेवा, फायरवॉल चालू ठेवा, घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) आणा, चुकीचे पासवर्ड टाकणारे पत्ते अडवणारा फेल२बॅन बंद करू नका.

कॉलरआयडीच्या रकान्यावर बांधलेल्या नियमाची मर्यादाही इथे सांगायला हवी. तो फोनने कळवलेल्या नंबरावर विसंबतो. तरबेज माणूस आपल्या सॉफ्टफोनवरून दुसराच नंबर कळवण्याचा प्रयत्न करू शकतो. लॉबी, वसतिगृह, भाड्याने दिलेला गाळा अशा अनोळखी हातांतल्या फोनसाठी अधिक भक्कम उपाय म्हणजे वेगळा कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्या फोनवरून काय लागू शकते याचा वेगळा नियमसंच. एक्स्टेन्शनच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये कॉन्टेक्स्टची जागा असते, तिथे नेहमीचे 'फ्रॉम-इंटरनल' असते. त्याऐवजी स्वतः लिहिलेल्या कॉन्टेक्स्टचे नाव द्या आणि त्यात फक्त आतली एक्स्टेन्शने आणि आणीबाणीचे नंबर ठेवा. मग बाहेरच्या राउटपर्यंत जाणारा रस्ताच त्या फोनला उरत नाही. हे कस्टम डायलप्लॅनच्या (कॉल कुठे न्यायचा याच्या नियमांच्या) फाइलमध्ये हाताने लिहावे लागते, किंवा क्लास ऑफ सर्व्हिसचे (फोनला वर्गानुसार सोयी देणारे) विकतचे मॉड्यूल घ्यावे लागते. पाच-सहा फोनसाठी हाताने लिहिलेले बरे.

आणि यंत्रणेबाहेरचे कुलूप: पुरवठादाराला लेखी कळवून ट्रंकवरची आयएसडीच बंद करून घ्या, किंवा लागणारे देश सोडून बाकी बंद करून महिन्याची खर्चमर्यादा घालून घ्या. ज्या ऑफिसला आयएसडी लागतच नाही त्यांनी हे एकच काम आधी करावे. बाकीचे सावकाश झाले तरी चालेल.

जुना ईपीएबीएक्स बोर्ड असेल तर

तत्त्व तेच, नावे वेगळी. तिथे प्रत्येक एक्स्टेन्शनला एक क्लास ऑफ सर्व्हिस असतो, त्या क्लासला टोल कंट्रोलची (बाहेरच्या कॉलवरच्या बंधनाची) पातळी आणि पातळीला नंबरांची यादी. पॅनासॉनिकच्या केएक्स-टीडीए मालिकेत सात पातळ्या आहेत. पहिलीत सगळे मोकळे, सातवीत बाहेरचे सगळे बंद, मधल्या पाच पातळ्यांना नाकारायच्या आकड्यांची यादी आणि तिच्यातून सूट देण्याची यादी, अशा दोन याद्या. बंद करायची यादी ०० ने सुरू करा, मग सूट यादीत लागणारे देश टाका. दिवस आणि रात्र यांना वेगवेगळी पातळी देता येते, ती जरूर वापरा.

बोर्डावर तीन गोष्टी नेहमी निसटतात. एक, लाइन आपोआप निवडणाऱ्या नियमांवर बंधन घातले जाते, पण ठरावीक ट्रंक थेट पकडण्याचा कोड सगळ्यांना मोकळा राहतो. दोन, ट्रंकच्या वायरलाच समांतर जोडलेले फॅक्स किंवा स्वाइप मशीन. ते बोर्डाच्या आधी असल्याने तिथे साधा फोन लावला की कोणतेही बंधन उरत नाही. तीन, वीज जाते तेव्हा काही बोर्ड पहिली ट्रंक एका ठरलेल्या एक्स्टेन्शनला थेट जोडून देतात, म्हणजे अंधारात तो फोन पूर्ण मोकळा. ते एक्स्टेन्शन कोणते ते शोधा आणि फोन कुलूपबंद खोलीत किंवा रिसेप्शनवर ठेवा.

जीएसएम गेटवेतल्या (सिमवरून कॉल पाठवणाऱ्या पेटीतल्या) सिमकार्डांकडेही पाहा. बोर्डाने + किंवा ०० अडवले तरी सिमवर आयएसडी चालू असेल तर ते काढून साध्या मोबाइलमध्ये घालता येते. आयएसडी सिमवरच बंद करून घ्या.

चाचणी

प्रत्येक वर्गातला एक फोन घ्या आणि एकामागून एक लावा: आतले एक्स्टेन्शन, स्थानिक लँडलाइन, शून्य लावून मोबाइल, शून्य न लावता मोबाइल, फोनबुकातून +९१, एक १८०० चा नंबर, एक ०७९ चा, परवानगीच्या देशातला एक, बिनपरवानगीच्या देशातला एक. 'लागला' आणि 'अडला' दोन्ही लिहून ठेवा. अडायला हवा तो अडला का, हे पाहायचे बरेचदा राहून जाते. परदेशी कॉल लावून पाहणे जिवावर येत असेल तर ॲस्टरिस्कच्या कमांड लाइनवर डायलप्लॅन शो ही आज्ञा नंबर आणि कॉन्टेक्स्टसह द्या. तो नंबर कोणकोणत्या ओळींशी जुळतो ते फुकटात दिसते. ११२ वर गंमत म्हणून चाचणी करू नका.

फॉरवर्ड केलेला कॉल बाहेरच्या मोबाइलवरून वेगळा तपासा. पिन चुकीची टाकून पाहा. संध्याकाळी वेळ संपल्यावर आयएसडी खरेच अडते का तेही पाहा. सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर (यूटीसी) असेल तर टाइम ग्रुप साडेपाच तास सरकलेला असतो आणि सकाळी सगळ्यांची आयएसडी बंद, मध्यरात्री चालू, असा उलटा प्रकार होतो.

पहिला महिनाभर दर सोमवारी रिपोर्ट्समधून सीडीआर काढा, ०० ने सुरू होणारे नंबर गाळून घ्या आणि ऑफिसच्या वेळेबाहेरचे कॉल आधी वाचा. काही सेकंदांचे, ओळीने आलेले, एकाच देशाचे अयशस्वी कॉल दिसले तर कोणीतरी दार चाचपून पाहते आहे. त्या एक्स्टेन्शनचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. नोकरी सोडून गेलेल्याची पिन आणि सॉफ्टफोनचे खाते शेवटच्या दिवशी बंद करण्याचे काम मनुष्यबळ विभागाच्या यादीत, लॅपटॉप परत घेण्याच्या ओळीखालीच लिहून घ्या.